खुर्ची कुणाची, सायकल कुणाची

माय, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते. शहरी मराठीत लिहितेय, हसू नको. मी आता एका आरोग्याच्या अभ्यासासाठी लेकरांची वजनं करत फिरते. सोबत काटा, उंचीची पट्टी आणि एक लांबलचक फॉर्म. छत कशाचं, पाणी कुठून, घरात खुर्ची, पंखा, सायकल आहे का? त्यावरून घर किती गरीब ते ठरतं, आणि सगळ्यात गरीब घरांतल्या लेकरांना या अभ्यासात वर्षभर रोज एक अंडं मिळतं. म्हणजे माझ्या एका खुणेवर कुणाचं तरी अंडं अवलंबून.

परवा झरी जामणीकडच्या एका पोडावर गेलतो आम्ही. सात-आठ घरांची वस्ती. पहिल्या घरी लाल प्लास्टिकची खुर्ची पुढे आली, एक हात सुतळीनं बांधलेला. बसले, खुर्चीपुढे खूण केली. दुसऱ्या घरी लाल खुर्ची, खूण. तिसऱ्या घरी पोरगी काट्यावर चढली तर काटा हलायलाच तयार नाही, इतकी हलकी. आणि मी बसले त्या खुर्चीच्या हाताला तीच सुतळी! अगं, मी पुढच्या दारानं निघाले की खुर्ची मागच्या दारानं माझ्याआधी पोचत होती. मला हसू आवरेना. घरची बाई लाजून म्हणाली, "मंग काय वो, पाहुण्या बाईले भुईवर बसवतात का?" फॉर्मवर मात्र अख्खं पोड खुर्चीवालं झालं होतं. सगळ्या खुणा खोडल्या, सगळी घरं पुन्हा फिरले. पोरीचं नाव यादीत आलं. आता कुठंही शिरले की आधी भुईवर बसकण मारते, मग विचारते.

तेव्हा तू आठवलीस. आपल्या दारी आलेल्या त्या फॉर्मवाल्या बाईसाठी तू शेजारच्या काकूची खाट आणलीस, स्टीलचे पेले आणलेस, आणि चहा करायला आत गेलीस. आपलं नाव यादीत लागलंच नाही. धाकट्याची खाऊची पाकिटं गेली. पुढं कितीतरी वर्षं तू कापूस वेचता वेचता त्या बाईचा उद्धार करायचीस, "तिले डोये होते का बटनं? एवढं वाळलं लेकरू दिसलं नाही तिले!" आणि मीही तुझ्यासोबत हसायचे. धाकट्याची काळजी करू नको, तो वणीला कोळशाचा ट्रक चालवतो, पोट स्टेअरिंगला टेकतं त्याचं.

हे पत्र फॉर्मच्या गठ्ठ्याखाली ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकू? पण त्या बाईला आता शिव्या नको देऊ, माय. तू चुलीपाशी होतीस तेव्हा तिनं भिंतीला टेकवलेल्या शेजारच्या काकांच्या सायकलीकडे बोट दाखवून मला विचारलं होतं, "कुणाची गं?" मी म्हटलं, "आमची." आणि खरं सांगू, म्हणताना लय भारी वाटलं होतं.