रजेचं खरं कारण

साहेब,

माझा नवरा तिकडे दूर तुमच्या बंदरावर क्रेन चालवतो. त्याला रजा हवी होती ती आजची. आज सोनोग्राफीत बीजांड सुटायच्या बेतात दिसलं. मेंदूकडून संप्रेरक आलं की ते सुटतं आणि जेमतेम दिवसभर टिकतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मिस्टर कुठेत?" तो येईपर्यंत गर्भाशयाचं अस्तर टिकवणारं दुसरं संप्रेरक ओसरेल आणि पाळी येईल. माझी चाळिशी उलटलीय, साहेब.

हे अर्जात कसं लिहायचं? दर वेळी आम्ही 'आई आजारी' लिहितो आणि तुम्ही नाकारता. काल सासूबाईच म्हणाल्या, "या खेपेला अर्जात मला मारूनच टाक गं, म्हणजे सोडतील त्याला."

माझ्याच्याने ते लिहवलं नाही.

तुमच्या क्रेनवाल्याची बायको