सहावीच्या वर्गातला गलका

बाई, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. चेन्नईच्या अंबत्तूरला आपल्या शाळेसमोर नटबोल्टचा कारखाना होता, तिथे आता काचेची सॉफ्टवेअर कंपनी आहे. तुमच्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर आता मी बसते. तीन आठवड्यांपूर्वी संस्थेचे अध्यक्ष शाळा बघायला आले होते. मी त्यांच्याबरोबर व्हरांड्यातून चालले होते, तर सहावीच्या वर्गातून गलका. गणिताची शिक्षिका तरुण आहे, हे तिचं दुसरंच वर्ष. मुलं बाकांवरून उठून, हातात कागदाच्या पट्ट्या घेऊन एकमेकांवर ओरडत होती आणि ती त्यांच्या मधोमध उभी होती. अध्यक्ष म्हणाले, "हा काय मासळीबाजार?" मी दारातूनच, सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं, "मिस, वर्ग आवरत नसेल तर सांगा, दुसऱ्या कुणाला पाठवते." मुलं खाली बसली. एक मुलगी हसली. शिक्षिका वाकून पट्ट्या गोळा करू लागली.

तुम्ही माझ्या वर्गात पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. कुणाला न सांगता तुम्ही शेवटच्या बाकावर, गुडघे आखडून बसला आहात. हातात वही नाही. शेजारच्या मुलीच्या पुस्तकात डोकावता आहात. माझ्या हातातला खडू दोनदा पडतो. दुपारी ऑफिसमागच्या लहानशा स्वयंपाकघरात आयाने कॉफी केली, एक टंबलर माझ्यापुढे सरकवत तुम्ही म्हणालात, "काय गे, भ्यालीस?" तुमची मराठी तंजावरची, मधेच तमिळ, माझी तुम्हाला पेपरात छापल्यासारखी वाटायची. मी वाट बघत होते की आता चुका सांगाल. तुम्ही विचारलंत, "तिसऱ्या बाकावरच्या पोरीनं काय विचारलं?" मला आठवेना. "मलाही नीट ऐकू नाही आलं. उद्या विचार तिला. आणि शुक्रवारी तुझा तास मी घेते, तू मागं बस."

शुक्रवारी तुम्ही बाष्पीभवन शिकवलंत आणि चक्क गोंधळलात. उकळणं आणि सुकणं एकच करून बसलात, एका मुलीने पकडलं, आणि तुम्ही हसून फळा पुसलात. नंतर मला विचारलंत, काय चुकलं? मुख्याध्यापिकेला तिच्या चुका मी कशा सांगायच्या? तुमची कॉफी निवत गेली, तुम्ही हलला नाहीत. शेवटी मी तीन गोष्टी सांगितल्या. "तीनच?" तुम्ही म्हणालात. "पुढच्या वेळी नीट बघ."

त्याच वर्षी तेव्हाच्या अध्यक्षांनी माझ्या वर्गातला आवाज ऐकून दाराशी थांबून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "आत या ना सार, बसून ऐका." ते आले नाहीत. मला वाटलं, वाचले. शाळा सुटल्यावर तुम्ही ऑफिसचं दार लावून घेतलंत. "आवाजाचं काही नाही. पण निम्मी मुलं त्यात नव्हतीच, खिडकीपाशी दोघी वेणी घालत होत्या. ते तुला दिसलं नाही." मी रडले. तुम्ही रडू दिलंत, समजूत घातली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीकडे बघायला शिकले. ते बोलणं दाराबाहेर कधी गेलं नाही.

माझ्याकडे आता एक छापील तक्ता आहे. वर्गाची शिस्त, फळ्याचा वापर, आवाजाची पातळी. मी दारात उभी राहून खुणा करते आणि पुढे जाते. वेळ नाही, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खोटंही नाही: पालकसभा, तपासणी, निकाल. पण सहा वर्षांत मी एकही तास घेतलेला नाही, शेवटच्या बाकावर तर बसलेच नाही.

सहावीचा वर्ग आता शांत आहे. ती फळ्यावर गणित सोडवते, मुलं उतरवून घेतात. काल ती ऑफिसात आली, उभीच राहिली. तमिळमध्ये म्हणाली, "मॅडम, आता माझा वर्ग बरा आहे ना?" टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मी जसं म्हणेन तसंच ती पुढची वीस वर्षं शिकवणार होती. "छान आहे," मी म्हटलं. तिचा चेहरा खुलला. "थँक्यू मॅडम," म्हणून ती गेली. तक्त्यावर तिच्या नावापुढे सगळ्या खुणा चांगल्या आहेत.

तुम्हाला हे सांगून काय मिळणार? तुम्ही दार लावून घेणार नाही, काही विचारणारही नाही. म्हणूनच लिहवतं आहे. त्या दिवशी मुलं कशावरून भांडत होती ते मी दाराशी पोचायच्या आधीच ऐकलं होतं. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, यावरून. एक मुलगी पट्टी नाचवत ओरडत होती, "चार आकडा मोठा असला म्हणून काय झालं, तुकडा बघ ना!" बाई, ते मला ऐकू आलं होतं, कळलंही होतं. अध्यक्ष शेजारी उभे होते.