हाराआडची राजनंदिनी

मी, बिभीषण सहादेव ढवळे, वय एकाहत्तर, धंदा काचेवर देवांच्या व माणसांच्या तसबिरी रंगवणे, राहणार खर्डा, ता. जामखेड, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. फुप्फुसे गेली आहेत, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, पुढचे दुकान आणि बँकेत जे काही उरले असेल ते माझी एकुलती एक मुलगी राजनंदिनी, हल्ली राहणार पारनेर, हिला मिळावे. ती माझ्याशी अकरा वर्षे बोललेली नाही. त्यात तिची चूक नाही.

२. धाकटा भाऊ रामहरी याला घराण्याच्या नावाची फार काळजी. म्हणून दुकानाची पाटी, आडनावासकट, त्याला द्यावी. बाकी कशावरही त्याचा हक्क नाही. राजनंदिनीने परजातीत लग्न केले तेव्हा "आपल्या लेखी ती मेली" असे आधी तोच म्हणाला. पण कुंचला मी उचलला, हे मी नाकारत नाही.

३. आता त्या तसबिरीविषयी. आम्ही काचेच्या मागच्या बाजूने रंगवतो, त्यामुळे जे सर्वांत पुढे दिसायचे ते आधी काढावे लागते. मी आधी चंदनाचा हार काढला, मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा, आणि मुद्दाम गालांवरून खाली आणला. मग त्यामागे लेकीचा चेहरा भरला. तिचे सगळे फोटो त्याच दिवशी चुलीत घातले आणि तसबीर दारासमोरच्या भिंतीवर टांगली.

माझ्या प्रत्येक तसबिरीची पार्श्वभूमी माझी बायको जया भरत असे. खाली सही मात्र माझी. ही काच तिने हातात घेतली नाही. म्हणाली, "जित्या लेकीला हार घातलाय तुमी. ह्याच्या मागं मी रंग न्हाई भरायची." म्हणून त्या चित्रातून अजून भिंत दिसते.

जया गेली तेव्हा राजनंदिनी आली होती. उंबऱ्यावरूनच तिला समोर स्वतःची तसबीर दिसली. आईचे तोंड न बघता ती परत गेली. तेव्हा मी आत बसून होतो आणि उठलो नाही.

४. हार पुसावा म्हणून नंतर तीनदा ब्लेड हातात घेतले. मागून खरवडायचे तर आधी चेहरा निघतो, आणि तिचा दुसरा चेहरा माझ्याकडे नाही. मला ते जमले नाही.

५. माझे शेजारी कानिफनाथ सुरवसे यांनी माझ्यामागे हे सर्व पार पाडावे. राजनंदिनीला निरोप धाडण्याआधी तसबीर उतरवून कापडात गुंडाळावी. ठेवायची की फोडायची ते तिने ठरवावे. माझा फोटो कुठेही लावू नये, हार तर नकोच.

६. ती उंबऱ्याच्या आत आली तर घर तिचे. नाही आली तरी तिचेच. किल्ली पारनेरला नेऊन द्यावी.

वरील मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

बिभीषण सहादेव ढवळे

साक्षीदार:
कानिफनाथ सुरवसे, खर्डा
डॉ. धनश्री बांगर, जामखेड

स्थळ: खर्डा
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२५