रिद्धीनं गुहेत चिक्की थुंकली

१२ मे
पोरं पुण्यासनं आलीत, घर भरलंय. बाळूनं गाडी काढली नि दोन दिसात आंध्रातली जमिनीखालची गुहा दाखवून आणलं. म्हटलं, माझं गुडघं बघ आधी. माझा ल्योक ऐकतोय व्हय! वरती नांगरलेलं रान, आन् तिकीट काढून खाली उतरायचं. आत पिवळं दिवं. दगड असा, की गुळाच्या काईलीतली काकवी सांडून थिजली जणू. रिद्धीच्या पायात मी हुपरीचं चांदीचं पैंजण घातलेलं. सगळी गुहा छुमछुम. चार वर्साची नात, पर माझाच हात धरून म्हणती, ‘आज्जी, घाबरू नको हं.’ काय सांगू! जल्माचं सार्थक.

१३ मे
काल एक लिवायचं राहिलं. गुहेत लई उकडत हुतं, रिद्धी कुरकुर कराय लागली. मी पिशवीतली चिक्की दिली तोंडात. तेवढ्यात तिथल्या गड्यानं दिवं घालवलं, खरा अंधार कसा असतोय बघा म्हणून. डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. पोरगी किंचाळली की! थू थू करून चिक्की थुंकली. ‘आज्जी, रात्र झाली! माझ्या पोटात किडे गेले!’
मीच शिकीवलेलं. आम्ही जैन, दिस मावळल्यावर जेवत न्हाय. अंधारात ताटात किडामुंगी पडती, तिचा जीव जातोय. माझा तर नेम लग्नाआधीपासनं.
वर आलो तर रखरखीत ऊन. ही म्हणती, ‘आज्जी, उजाडलं.’ मी हसलो. सगळी हसली. सून तेवढी न्हाय.

१९ मे
गेली पोरं. घर खायला उठतंय. रिद्धीचा एक मोजा खाटंखाली घावला.

७ जून
बाळूचा फोन.
‘आई, रिद्धी रातीचं जेवत न्हाय. खिडकीत अंधार दिसला की तोंड मिटून बसती.’
‘मग उजेडात घाला की.’
‘आम्ही दोघं घरी येतोय आठला. पाळणाघरात ती दुसऱ्याच्या हातचं खात न्हाय.’
खरं लिवतो, मला आधी बरं वाटलं. माझ्या वळणावर गेली. शेजारणीला कौतुकानं सांगूनबी आलो.

१४ जून
वजन उतरलंय म्हणं. डाक्टर रागावलं. सून फोनवर बोलली, ‘आई, तुम्हीच घातलंय तिच्या डोक्यात, तुम्हीच काढा.’ आवाज चढवला न्हाय. रडत हुती.
रिद्धीला म्हटलं, बाळा, लहान लेकरांस्नी चालतंय.
‘मग तुला का नाही चालत?’
 ‘फोन बाबाकडं दे,’ म्हटलं.

१६ जून
मंदिरात पंडितास्नी इचारलं. ‘लेकराला कसला नेम, आज्जी?’ म्हणाले. मला ठाव न्हाय व्हय? तिला कोण सांगणार? आमच्या गावात ऊस पंधरा फूट वाढीवणारी माणसं हायत, एका पोरीला घास भरवायची अक्कल कुणाकडं न्हाय.

१८ जून
आज फोनात तोंड दिसत हुतं. गालफडं बसलीत. ‘आज्जी, आधी तू खा. किडे नाही आले तर मी खाईन. उद्या रात्री मी भात घेते, तू पण घे.’
मागनं बाळू हळूच, ‘आई, नुस्तं तोंड हलीव. तिला काय कळतंय?’
तिला फसवू? आन् ती उद्या मोठी झाल्यावर…
नेम मोडला तर मोडला असं बी म्हणवंना. मुनी महाराजांपुढं हात जोडून घेतलेला.

१९ जून
मूठभर भात टाकलाय. दिवेलागणीनंतर आजवर कधी ग्यास पेटवला न्हवता. ताट वाढून झाकून ठेवलंय. बाहेर काळोख पडलाय, पाऊस बी हाय, पाखरं-किडं दिव्यावर आलीत. दोनदा झाकण काढून बघितलं. भातात काय न्हाय. घास कालवून ठेवलाय, खोटं तोंड हलवायचं न्हाय.
फोन वाजतोय.