शेवटी चालणारी ताई

३ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची. बस फाट्यावर सोडून निघून गेली आणि पुढचा चढ बॅग ओढत चढले. नव्या नोकरीचा पहिला घाम तिथेच गाळला. पण वर आल्यावर सगळं विसरले. रानाच्या कडेला लाकडी शेड, पुढे मोकळं अंगण, मुलांच्या उंचीची बाकं, पाण्याच्या बाटल्या अडकवायला खुंट्यांची रांग. शेडच्या मागे माझी खोली. एक खाट, एक टेबल, दाराला आतून कडी आणि झाडांकडे उघडणारी खिडकी. इतकी वर्षं चार भिंतींत खडू खाल्ला, आता हवा खाईन.

आक्काला फोन केला. ती म्हणाली, पाल दिसली की स्टुलावर चढणारी तू, रानात मुलं सांभाळणार होय? मी म्हटलं, रानात स्टूलच नसतं, त्यामुळे प्रश्न मिटला.

मोठ्या बाई या रानशाळेच्या सर्वेसर्वा. बोलणं मोजकं, चष्मा कायम डोक्यावर. त्यांनी काम समजावलं. सहा-सात वर्षांची मुलं रोज सकाळी गाडीने येतात, दुपारी परत जातात. हीच मुलं दोन आठवडे. रांगेच्या पुढे इथला मदतनीस दोरीदादा, कारण वाटा त्याला पाठ आहेत. मधे मुलं. सगळ्यांत शेवटी मी. शेवटी चालणाऱ्याच्या मागे एकही मूल राहता कामा नये, एवढंच तुमचं काम, असं बाई म्हणाल्या. एवढंच म्हणजे सगळंच की.

५ नोव्हेंबर

मुलं म्हणजे नुसती वारा प्यायलेली वासरं. एक मुलगी इतक्या बारीक आवाजात बोलते की सगळे तिला चिमणी म्हणतात. एक मुलगा प्रत्येक नियमाला हरकत घेतो, त्याचं नाव मी वकील ठेवलंय. काठी नेताना टोक जमिनीकडे का, दगड उचलताना आपल्या बाजूने का नाही उचलायचा, सगळ्याचा जाब द्यावा लागतो. दगडाखाली कुणी झोपलेलं असलं तर त्याला पळायला वाट समोरून हवी, आपल्या पायांवरून नको, असं सांगितल्यावर वकीलसाहेबांनी खटला मागे घेतला.

आज हरवल्यावर काय करायचं ते शिकवलं. धावायचं नाही. जवळच्या झाडाला मिठी मारून तिथेच थांबायचं आणि गळ्यातली शिट्टी वाजवायची. ताई येतेच. मग सगळ्यांनी झाडांना मिठ्या मारल्या. चिमणीने दोरीदादाच्या पायाला मारली, तेच झाड म्हणून.

जिथवर जायचं तिथवरच्या झाडांना दोरीदादा पिवळ्या फिती बांधतो. दादा अबोल आहे. फांदी हातात धरून, वाकवून, वास घेऊन मगच तिच्याखाली मुलांना बसवतो. माझ्याशी मात्र नजर मिळवत नाही.

७ नोव्हेंबर

फिती हलल्यात. काल ओढ्याच्या अलीकडच्या झाडाला होती ती आज पलीकडच्या झाडाला. ओढ्यात पाणी घोट्याइतकं, पण दगड शेवाळलेले. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, मी नाही हलवली. मग कोण हलवणार, वाऱ्याला गाठी मारता येतात का? त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि फीत सोडून परत अलीकडे बांधली.

मनात शंकेची पाल चुकचुकली. बाईंना सांगावं का? नव्या सुनेने पहिल्याच आठवड्यात चहाडी केल्यासारखं दिसेल. दादावर लक्ष ठेवायचं ठरवलं.

१० नोव्हेंबर

सविस्तर लिहिते, म्हणजे मन जागेवर येईल.

पानं गोळा करून परत निघालो. अंगणात आल्यावर चिमणी नव्हती. मी शेवटी होते. माझ्या मागे कुणी नव्हतं, वळून वळून पाहिलं होतं मी. बाईंनी बाकीच्यांना शेडमध्ये बसवलं आणि दादा आणि मी उलटे धावलो. चिमणी ओढ्याच्या बऱ्याच पलीकडे सापडली. झाडाला मिठी मारून शांत उभी. ओरखडाही नाही. मी तिला उचलून घेतलं तर ती अवघडून म्हणाली, "तुम्हीच तर इथे उभं केलंत ना, ताई."

मला वाटलं घाबरल्यामुळे बरळतेय. पण ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. ताईने हात धरला, ओढा ओलांडून दिला, थांब म्हणाली. वाटेत काय बोलली, असं विचारलं. चिमणी म्हणाली, ताई सारखं एकच म्हणत होती, हळू, पाय बघून टाका. मी तिथेच विचारलं की एकटीला मी 'टाका' का म्हणेन? ते तर मी रांगेतल्या सगळ्यांना म्हणते.

दादा मागे उभा राहून ऐकत होता. परतल्यावर चिमणीने तेच सांगितलं तेव्हा बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला कळते.

११ नोव्हेंबर

कुणीतरी मुलीला पढवलंय, आणि माझा संशय दादावर. वाटा त्याला माहीत, फिती त्याच्या हातात. पण पुढे चालणारा माणूस मागून मूल कसं नेईल? मग गाडीवाले काका? ते तर गाडी लावली की सीट मागे करून घोरायला लागतात. सगळे संशयित हात झटकून उभे आहेत.

तरी उपाय केला. मुलांना अंगणात गोल बसवलं आणि आपला एक गुपित शब्द ठरवला. कुणीही न्यायला आलं, अगदी ताई दिसली तरी, विचारायचं, शब्द काय? शब्द आला नाही तर जायचं नाही. सगळ्यांनी एकमेकांना धरून मागे सरायचं. मुलांनी 'झोपाळू कासव' निवडला. आम्ही खूप सराव केला. मी विचारायचे, शब्द काय, आणि ती एका सुरात ओरडायची. झाडांतून त्याचा प्रतिध्वनी यायचा.

संध्याकाळी दादा खोलीशी आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, "परवा पहाटे फिती तुम्हीच सोडत होतात. मी पाहिलं. हाक मारली, तुम्ही वळला नाहीत." मी खवळले. चोराच्या उलट्या बोंबा, असं तोंडावर म्हटलं. तो रागावला नाही. घाबरलेला दिसला. मला घाबरलेला.

१२ नोव्हेंबर

वकिलाने सकाळी तक्रार केली की ताई, काल तुम्ही गाडीमागे मला एकट्यालाच शब्द का विचारलात? मी काल त्याला एकट्याला भेटलेच नाही. मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? तो म्हणाला, बरोबर सांगितला, झोपाळू कासव. तुम्ही काहीच बोलला नाहीत. परत विचारलंत, शब्द काय. परत सांगितला. परत विचारलंत.

मी लगेच सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, ऐका, शब्द बदलला. आता नवा शब्द निळं वांगं. मुलं हसली. मी मोठ्याने म्हटलं, अंगणातच, झाडांसमोर. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

जे काही आहे, ते माझं ऐकून बोलतं.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही रानात यायचं नाही, शेडमध्येच थांबा. शेवटी मी चालेन. मी विनवलं की नेऊच नका मुलांना. त्या म्हणाल्या, मुलांना धोका रानापासून नाही वाटत मला. वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. गरज नव्हती.

१३ नोव्हेंबर

सकाळभर शेडमध्ये बाटल्या धुतल्या. अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही. काका गाडीत घोरत होते. माझ्या बाजूने साक्ष द्यायला बाटल्याच तेवढ्या.

सगळे परत आले. मुलं खुशीत. बाई लाल झालेल्या. म्हणाल्या, नको सांगूनही तुम्ही मागून आलातच ना. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मी तुमच्याशी बोलत होते, माझ्या शेजारून चालत होतात तुम्ही. दादाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्यानेही पाहिलं होतं.

उद्या दुपारच्या बसने जायचं आहे मला.

आक्काला फोन लावला. ती म्हणाली, अगं, आत्ताच तर ठेवलास. मी विचारलं, मी काय बोलले? ती म्हणाली, नीट ऐकूच येत नव्हतं, सारखी विचारत होतीस, शब्द काय, शब्द काय —

फोन मी दिवसभर हातात घेतला नव्हता. टेबलावर होता. खिडकी उघडी होती.

१४ नोव्हेंबर, सकाळ

खिडकी लावली. बॅग भरली. पण मुलांना सोडून कशी जाऊ? त्यांना ठाऊकच नाही की —

गाडी आली. जाते अंगणात.

१४ नोव्हेंबर, नंतर

गेले. मुलं रांगेत उभी होती. मी धावत जाऊन म्हटलं, आज कुणी रानात जायचं नाही, माझ्याबरोबर गाडीत चला. ती जागची हलली नाहीत. वकिलाने विचारलं, शब्द काय? मी म्हटलं, निळं वांगं.

चिमणी हळूच म्हणाली, "तो जुना झाला. ताईने मघाशी बदलला."

सगळ्यांनी एकमेकांना धरलं. मागे सरली. अगदी मी शिकवलं तशी. कुणी रडलं नाही. इतकी शहाणी मुलं.

दादाने मला दंडाला धरून खोलीत आणलं. बाहेरून म्हणाला, बस येईपर्यंत इथेच बसा. मी आतून कडी घातली.

काचेतून दिसतंय. रांग निघाली. पुढे दादा. मधे मुलं. बाई.

शेवटी कुणीतरी आहे. माझी चाल. माझ्यासारखीच वळून वळून पाहतंय —

नंतर

किती वेळ झाला माहीत नाही. शिट्ट्या वाजल्या. सगळ्या एकदम. मग एकही नाही.

काकांना हाका मारल्या. काचेच्या कोपऱ्यातून गाडी दिसतेय. काका गाडीत नाहीत.

कुणी परत आलेलं नाही. बस —

दार वाजतंय. खालच्या बाजूला. मुलाचा हात पोचेल तिथे.

चिमणी. ती म्हणतेय, ताई, माझा पाय मुरगळलाय, दार उघडा.

शब्द विचारला. रडतेय नुसती. ताई, माझा पाय मुरगळलाय, दार उघडा.

परत तेच. हुंदका त्याच जागी. पण रडणारं मूल एकच वाक्य घोकतंच की. मी ओळखते मुलांना. खरी असली तर? पाय खरंच — आणि मागून ते येत असलं तर, आणि मी आत बसून शब्द विचारत —

काचेतून दार दिसत नाही.

ती आता कुजबुजतेय. ताई, ती आली.

हे नवीन आहे. हे आधी म्हणाली नव्हती. खरीच आहे, खरीच आहे ती, कडी काढते आणि तिला आत ओढून लगेच —