नववी ब ची समेट बैठक

सोमवार, १० नोव्हेंबर
पाचव्या तासाला पूनम माझ्या बाटलीत थुंकली आणि ते पाणी मी प्यायले.
हे वाक्य दिवसभर कुणाला सांगता आलं नाही. मुख्याध्यापक सरांनाही "पाण्यात घाण टाकली" एवढंच म्हटलं.
फळ्यावर आकृती काढत होते, बाटली टेबलावर. वळले, दोन घोट घेतले. वर्ग गप्प. नववी ब कधी गप्प नसते. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच फुटले. पहिल्या बाकावरची ईश्वरी रडायला लागली, "मॅडम, पिऊ नका, पूनम थुंकलीय त्यात."
पूनम आपणहून उभी राहिली. "व्हय, थुकले." मान खाली नाही, काही नाही.
तोंड साबणाने धुतलं. घरी येऊन परत दोनदा. ह्यांना सांगितलं नाही.
मी तिला काहीही केलेलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सरांना म्हटलं, दाखला द्या. वडिलांना बोलवा, हातात ठेवा, संपवा.
"अहो मॅडम, असं कसं? प्रशिक्षणाला तुम्हीच गेला होतात की."
गेले होते. जूनमध्ये साताऱ्याला, दोन दिवस, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. मुलाला काढायचं नाही, वर्गाबाहेर ठेवायचं नाही. ज्याने केलं आणि ज्याला सोसावं लागलं, त्यांना गोल बसवायचं आणि चार प्रश्न विचारायचे. काय झालं? तेव्हा मनात काय होतं? कुणाला काय सोसावं लागलं? आता काय केलं म्हणजे नीट होईल? याला समेट बैठक म्हणायचं. स्टाफरूममधला तक्ता माझ्याच अक्षरात आहे. आठवीतलं सायकलचं भांडण असं मिटवलं तेव्हा केवढी मिरवले. ज्याची सायकल मोडली त्याला म्हणाले होते, "मनातला राग काढून टाक बाळ." किती सहज.
आज तो तक्ता फाडावासा वाटला.
मधल्या सुट्टीत खेळाचे सर : "मॅडम, चहा घेणार की पाणी?" सगळे हसले. मीही हसले. का हसले?

बुधवार, १२ नोव्हेंबर
पूनमचे वडील आले. मूळचे माण तालुक्यातले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन इकडं उतरतात, पू.ला शाळेसाठी इथं चुलत्याकडे ठेवलीय. कळप उंब्रजजवळ कुणाच्या रानात बसवून, दोन एसट्या बदलून आले. मला वाटलं होतं, माझ्यासमोर पोरीला मारतील आणि मी "नको, नको" म्हणेन. म्हणजे ते मी ठरवूनच ठेवलं होतं. त्यांनी हात उचलला नाही.
"बाई, तिनं केलं ते वंगाळच हाय. पर दाखला नगा दिऊ. दाखला हातात आला की ती मेंढरामागं. दुसरी शाळा कुठनं आणू? माजा मुक्काम आज हितं, उद्या तिथं."
जाताना वडील दारात थांबले. "येक इचारू? ती का थुकली, हे तिला कुनी इचारलं का?"
सर म्हणाले, "बैठकीत विचारू की. मॅडम त्यातल्या तज्ज्ञच आहेत."
ते गेल्यावर खोलीत त्यांच्या घोंगड्याचा वास राहिला होता. मी खिडकी उघडायला गेले आणि कडीवर हात थांबला.
पुढचं उद्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
आधी तेच लिहिते, नाहीतर टाळेन.
सोमवारच्या नोंदीतलं शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही.
दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. सुट्टीभर पू. आईवडिलांबरोबर कळपामागे होती, तिथून सरळ शाळेत आली, पहिल्या बाकावर बसली. मी वर्गात शिरता शिरता म्हणाले, "मेंढरं कुणी आणलीत गं वर्गात?" वर्ग हसला. मुलं हसली की मला बरं वाटतं, तसं तेव्हाही वाटलं. मग तिला मागे, खिडकीपाशी बसवलं. म्हटलं, तू उंच आहेस, मागच्यांना फळा दिसत नाही.
उंच नाहीये ती.
तेव्हापासून ती उठली की कुणीतरी "बें" करतं. मी ऐकत होते. फळ्याकडे तोंड असलं की ऐकू आलं नाही असं करता येतं.
तरीही थुंकणं आणि बोलणं सारखं नाही. नाहीच. हे मी स्वतःला समजावतेय की खरंच तसं आहे?
सरांना दिलेल्या लेखी अहवालात यातलं काही नाही. ती दाखला घेऊन गेली तर कुठंच लिहावं लागणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
बालदिन. बैठक सरांनी कार्यक्रमातच उरकली. "पाहुणे आलेलेच आहेत. फोटो वर पाठवावे लागतात, तेही होतील." गोल नाही, व्यासपीठावर सरळ रांग. स्वागत, प्रास्ताविक आणि मग मला शाल-नारळ. थुंकी प्यायल्याबद्दल सत्कार. शेजारच्या पाहुण्यांनी हळूच विचारलं, "मॅडम निवृत्त होताहेत का?"
पू.ला पुढं आणलं. "पाया पड." ती वाकली. हात माझ्या चपलेच्या वीतभर वर थांबला. फोटोवाला म्हणाला, "परत एकदा, इकडं बघून." ती परत वाकली. उठताना फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "झालं का समाधान?"
वडिलांनी नवी स्टीलची बाटली आणली होती, स्टिकरसकट. दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.
चारातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. सर माइकवर म्हणाले, प्रकरण मिटलं.
मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. हेही इथं असू दे. नारळ शिपाईमामांना देऊन टाकला.

रविवार, १६ नोव्हेंबर, सांगली
आईकडे. दादाला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे थुंकण्यापर्यंतचं.
"एक कानफटात द्यायची, विषय संपला."
"कायद्याने हात लावता येत नाही."
"मग थुंकी पुसायला कायदा येतो का तुझा?"
आई आतून : "कुणाची गं पोरगी?" मेंढपाळांची, म्हटलं. "तरीच," म्हणाली.
संतापले तिच्यावर. माझंच वाक्य होतं ते, फक्त तिने विनोद केला नाही.
भांडीवाल्या मावशींचा पेला अजून खिडकीत वेगळा. मीही लहानपणापासून त्यात वरून पाणी ओतत आलेय.
परतीच्या एसटीत एकच विचार. एखाद्या वकिलाची मुलगी थुंकली असती तर दाखला मागितला असता का? मागितला असता. पण तोंड तीनदा धुतलं असतं? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
वर्गात परत "बें." पू. चालू तासातून उठून निघून गेली. मी थांब म्हटलं, तिने वळूनही पाहिलं नाही. राग आला. अजून आहे.
सर : "आता मात्र दाखला. बैठक झाली, संधी दिली, फोटो आहेत. वर्गशिक्षिका म्हणून तुम्ही फक्त सही करा, समेट बैठक झाली म्हणून."
मला हवं होतं तेच समोर आलं. पेन हातात होतं.
"ती बैठक झालीच नाही, सर."
"शाल घेताना नाही आठवलं?"
पेन टेबलावर ठेवलं.
शेवटी म्हणाले, गुरुवारी घ्या तुमची खरी बैठक. नाही जमलं तर शुक्रवारी सही. वडिलांना परत निरोप पाठवला. माणसाचा तिसरा खाडा.

गुरुवार, २० नोव्हेंबर
शेवटचा तास, प्रयोगशाळा. स्टुलं गोल मांडली. पू., तिचे वडील, वर्गाकडून ईश्वरी, मी. सर माझ्याच तक्त्यावरून प्रश्न वाचत होते, मध्ये मध्ये घड्याळ बघत.
काय झालं? "थुकले."
मनात काय होतं? "मॅडमनी घोट घ्यावा. आनि वर्गानं हसावं."
मग माझी पाळी. अहवाल आणला होता, तो वाचला नाही. ते मेंढरांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. उंचीचंही सांगितलं. सरांनी घड्याळ बघायचं थांबवलं. "मॅडम, हे अहवालात नाही."
"नाही."
वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्या वासाचं व्हय," एवढंच बोलले. ईश्वरी हळूच म्हणाली, "मीपण हसले होते."
मी माफी मागितली. पू. म्हणाली, "बरं." बाजारात भाव ऐकून म्हणतात तसं.
चौथा प्रश्न. मी म्हटलं, पूनमने उद्यापासून पहिल्या बाकावर बसावं.
"बाक नगं मला."
तिने दप्तरातून स्वतःची बाटली काढली. प्लॅस्टिकची, झाकणाला दोरा बांधलेला, अर्धी भरलेली. मधे फरशीवर ठेवली.
"मॅडमनी ह्यातलं प्यायचं. वर्गात, सगळ्यांम्होरं. वरनं न्हाई, तोंड लावून."
"पूने!" वडील ओरडले.
सर उठलेच. "हा उद्धटपणा आहे. बघितलंत मॅडम? यांच्यासाठी बैठका!"
"आता काय केलं म्हंजी नीट हुईल, इचारलं. सांगितलं," पू. म्हणाली.
मी बाटलीकडे बघत होते. हात पुढे झाला नाही. कशानं, ते अजून नक्की सांगता येत नाही. एवढंच म्हणाले, "उद्या सांगते." सर म्हणाले, "उद्या सांगायचं नाही. उद्या सही."
तिने बाटली उचलून दप्तरात टाकली.
"उद्या ताजं भरून आनते," म्हणाली. हसून नाही, चिडूनही नाही.
मी तिला माफ केलेलं नाही. तिनेही मला केलेलं दिसत नाही.
सहीचा कागद साडेदहाला सरांच्या टेबलावर असेल. नववी ब चा पाचवा तास दीड वाजता.