थुझाची तोंडी परीक्षा

पखोक्कूजवळून,
१२ ऑक्टोबर

चि. थुझा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

बसवाल्याकडून पत्र मिळालं. वाक्यं तपासली. 'इन द इंटरनेट' पाच वेळा लिहिलं आहेस. इंटरनेट म्हणजे काय आपला रांजण आहे, आत हात घालायला? 'ऑन द इंटरनेट'. वेबसाइटलाही 'ऑन'. ईमेलला मात्र 'इन'. का, ते विचारू नकोस. बत्तीस वर्षं शिकवून मलाही कळलेलं नाही. पाठ कर.

गावातलं नेट बंद होऊन दोन वर्षं झाली आणि मी तुला हे शिकवतोय. आत्या म्हणते, कोरड्या विहिरीत पोहण्याचे धडे चाललेत. हसू दे तिला. सिंगापूरच्या हॉस्पिटलची परीक्षा एकदाच देता येते, तेवढं तू ध्यानात ठेव.

दिव्यांच्या पौर्णिमेला पाया पडायला येता आलं नाही म्हणून रडत बसू नकोस. रस्त्यात नाक्यानाक्यावर सैनिक बसमधून उतरवतात, माणसं दोन-दोन दिवस अडकतात. नमस्कार कागदावर पोचला. माझा खोकला किरकोळ आहे.

तुझे,
बाबा

यांगोन,
२५ ऑक्टोबर

ती. बाबांस थुझाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सोबत नवी वीस वाक्यं. चुकली तर हातावर पट्टी बसली असं समजेन. इथे चोवीस तास नेट आहे, पण त्यावर तुम्ही नाही, मग त्याचं मी करू काय?

मागच्या पत्राखाली आत्यानं हळूच एक ओळ घुसडली होती, की तुम्ही भात अर्धा टाकता. किरकोळ खोकल्याला कुणी भात टाकत नाही. मी नर्स आहे बाबा, मला नका फसवू. सिंगापूरला गेल्यावर दोन वर्षं सुट्टी नाही. तुम्ही फक्त ये म्हणा, परीक्षा गेली खड्ड्यात.

आत्याला नमस्कार. लोभ आहेच, तो जेवणावरही असू द्या.

तुमची,
थुझा

पखोक्कूजवळून,
१८ नोव्हेंबर

चि. थुझास आत्याचे आशीर्वाद.

दादांचा हात दुखतो म्हणून मी लिहितेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चालवून घे. तुझी वाक्यं त्यांनी पाहिली, सतरा बरोबर आहेत. तीन कुठली चुकली ते सांगायच्या आत त्यांचा डोळा लागला. खोकला उतरलाय. काल मोहिंगा मागून खाल्ला, शेवया आणि माशाचा रस्सा सगळा संपवला.

परीक्षा होईपर्यंत तू मुळीच निघू नकोस, असं त्यांनी मला दहादा बजावलं आहे. माझा भाऊ किती हट्टी, तुला माहीत आहेच. घरात माणसांची ये-जा आहे, म्हणून आवरते.

तुझी,
आत्या

यांगोन,
५ डिसेंबर

ती. आत्यास थुझाचा सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र एकवीसला मिळालं. मला अठरालाच कळलं होतं. म्हणजे तू मोहिंग्याबद्दल लिहीत होतीस, तेव्हाच.

बाबांच्या एका विद्यार्थ्यानं, आंग म्योनं, त्यांना खांदा दिला आणि पखोक्कूला, जिथे नेट चालतं तिथे, परत जाऊन फोटो टाकला. गुरुजी सोळा तारखेला गेले, असं लिहून. मी वाचलं तोवर दोनशे जणांनी त्याखाली निरोप लिहिले होते. गावाचं तोंड तू बंद केलंस गं, पण विद्यार्थ्यांचं कसं करणार होतीस?

मी पिशवी भरली होती. तुझं पत्र आलं. त्यातलं 'मुळीच निघू नकोस' तेवढं बाबांचं होतं, ते तुला रचता आलं नसतं. पिशवी रिकामी केली. त्यांच्यावर फार राग आला, अजून आहे.

परीक्षक बाईंनी विचारलं, इंटरनेटवर अलीकडे कोणती बातमी वाचली. मला दुसरी आठवेचना. सांगितली. एक शब्द चुकला नाही, आत्या. वडील गेले हे मी इतक्या शुद्ध इंग्रजीत सांगितलं, की माझी मलाच लाज वाटली. बाई लिहायच्या थांबल्या. मी पास झाले.

जानेवारीत विमान आहे. बाबांसाठी भिक्षूंना माझ्या नावानं जेवण घाल.

एकच मागते. यापुढे तुला काही दुखलं-खुपलं तर खरं लिही, कोंबडीच्या पायांनी का होईना. माझ्या बापाची बातमी मला दोनशे माणसांच्या मागे उभं राहून वाचावी लागली. तुझी तशी वाचायची नाही मला.

तुझीच,
थुझा